‘हाच तो’ कसे तपासावे: लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातील ओळखीचा पुरावा

जालना जिल्ह्यात, भोकरदन परिसरातील एका शेतवस्तीवर ५ जून २००३ च्या रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला आणि घरातल्या दोघींवर बलात्कार झाला. वाचलेल्या आईने दोनच दिवसांनी पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या अल्बममधील चौघांची छायाचित्रे ओळखली. पुढे अटक झाली ती मात्र भटक्या जमातीतील निराळ्याच सहा जणांना. त्यांची ओळख परेड (इतर माणसांच्या रांगेत संशयिताला उभे करून साक्षीदाराला ओळखायला सांगणे) झाली आणि परेडमध्ये व नंतर न्यायालयातही त्यांना ओळखण्यात आले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती सहाही जणांना पुन्हा दिली आणि त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष सोडले. अल्बममधून केलेल्या ओळखीचा कागद या सगळ्या काळात दप्तरातच होता. ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा निकाल उपलब्ध आहे आणि फौजदारी वकिली करणाऱ्या प्रत्येकाने तो मुळातून वाचावा.

हा लेख तालुका व जिल्हा न्यायालयांत काम करणारे तरुण वकील, विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरील वकील आणि आरोपीचे वा पीडितेचे नातेवाईक यांच्यासाठी आहे. ओळखीचा पुरावा कोणत्या क्रमाने तपासावा, कोणते कागद मागावेत आणि कोणते प्रश्न विचारावेत, एवढेच त्यात सांगायचे आहे. त्याआधी एक भेद मनात पक्का हवा. खोटे बोलणारा साक्षीदार आणि चुकणारा साक्षीदार ही दोन वेगळी माणसे आहेत. उलटतपास हे खोटे बोलणाऱ्याला उघडे पाडण्यासाठी घडलेले हत्यार आहे. मनापासून चुकणाऱ्या साक्षीदारावर ते चालत नाही, कारण तो खोटे बोलतच नसतो. त्यामुळे येथे तपासायची असते ती साक्षीदाराची नियत नव्हे, तर त्याच्या ओळखीचा इतिहास. रक्ताने डागाळलेला कपडा सील होतो, त्याला लेबल लागते आणि तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंद राहते. स्मृतीला असे सील नसते, म्हणून तिच्या प्रवासाची नोंद आपल्यालाच मागाहून उभी करावी लागते.

पहिली पायरी: वाद खरोखर ओळखीचा आहे का, हे ठरवणे

भारतात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, सहकारी यांपैकी कोणी आरोपी असेल तर ‘माणूस कोण’ हा प्रश्न उद्भवत नाही आणि या लेखातील काहीही तेथे लागू पडत नाही. अशा खटल्यात उगाच ओळख परेडचा मुद्दा काढणे म्हणजे न्यायालयाचा वेळ आणि स्वतःची पत दोन्ही घालवणे होय. आरोपी अनोळखी असेल, किंवा पूर्वी एखाददुसऱ्या वेळी ओझरता दिसलेला असेल, तरच पुढे वाचावे. मधलाही एक प्रकार असतो. ‘मी त्याला बाजारात पाहिले होते’ असे फिर्यादीत नसलेले वाक्य पुरवणी जबाबात अचानक येते. ते केव्हा आले, हेच तेथे तपासायचे असते.

दुसरी पायरी: एका कागदावर कालपट

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (वेगळे सांगितले नसेल तेथे पुढची कलमेही याच संहितेची) कलम २३० खाली दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्या की इतर काहीही करण्याआधी एका मोठ्या कागदावर तारीख आणि वेळ यांचे रकाने आखावेत. घटना, फिर्याद, वर्णनाचा पहिला उल्लेख, रेखाचित्र, दाखवलेली छायाचित्रे, अटक, प्रत्येक रिमांड, कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब, परेड आणि न्यायालयातील साक्ष हे सारे त्यात क्रमाने मांडावे. प्रत्येक नोंदीपुढे दोन गोष्टी लिहाव्यात: त्या वेळी साक्षीदाराच्या नजरेसमोर कोणता चेहरा आला, आणि कोणी त्याला काय सांगितले.

कागद मांडून झाला की मोकळ्या जागा दिसू लागतात. अटक आणि परेड यांच्यामधील दिवस ही सर्वांत महत्त्वाची मोकळी जागा असते. त्या दिवसांत आरोपी कोठे होता, न्यायालयात नेताना त्याचा चेहरा झाकलेला होता का आणि तशी नोंद स्टेशन डायरीत व रिमांडच्या अर्जात आहे का, साक्षीदाराला त्याच दिवशी पोलीस ठाण्यात बोलावले होते का, हे शोधावे. परेडला उशीर झाला म्हणून ती आपोआप रद्द होते असे नाही. कायद्याने त्यासाठी ठरावीक मुदत घातलेली नाही. उशिराचे स्पष्टीकरण नसणे आणि त्या काळात चेहरा दिसण्याची संधी असणे, हे दोन्ही एकत्र दाखवता आले तर मुद्दा उभा राहतो.

तिसरी पायरी: पहिले वर्णन आणि पाहण्याची परिस्थिती

पहिल्या फिर्यादीतील वर्णन शब्दशः उतरवून घ्यावे: उंची, बांधा, वय, रंग, दाढीमिशी, बोलण्याची भाषा, अंगावरची खूण. शेजारी अटक पंचनाम्यातील आरोपीचे वर्णन लिहावे. कपाळावर ठसठशीत व्रण असलेला माणूस समोर असेल आणि फिर्यादीत व्रणाचा शब्दही नसेल, तर या मौनाला अर्थ आहे. मात्र उंचीत दोन इंचांचा फरक किंवा वयात चार वर्षांचा फरक यावर फार भर देऊ नये. अंदाज एवढा चुकतोच आणि न्यायाधीशांना ते ठाऊक असते.

पाहण्याच्या परिस्थितीत उजेड, अंतर, चेहरा किती वेळ दिसला, तोंडाला रुमाल होता का, हल्लेखोर किती होते आणि शस्त्र होते का, हे पाहावे. शस्त्र असेल तर नजर चेहऱ्यापेक्षा त्यावर खिळते. ‘एवढ्या भीतीच्या प्रसंगी पाहिलेला चेहरा माणूस जन्मात विसरत नाही’ असे युक्तिवादात हमखास ऐकू येते. मानसशास्त्राचा अनुभव याच्या उलट आहे. अमेरिकन लष्कराच्या प्रशिक्षण शिबिरातील पाचशेहून अधिक जवानांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची चौकशी तीव्र दडपणाखाली झाली होती, त्यांना आपला चौकशी अधिकारी ओळखणे कमी दडपणाच्या चौकशीतील अधिकारी ओळखण्यापेक्षा बरेच जड गेले. हा चेहरा त्यांनी अर्ध्या तासाहून अधिक वेळ समोरासमोर पाहिलेला होता. प्रसंग विसरला जात नाही हे खरे. पण प्रसंग लक्षात राहणे आणि चेहरा अचूक लक्षात राहणे या एकच गोष्टी नाहीत.

चौथी पायरी: परेडपूर्वी चेहरा कोठे दिसला

या पायरीवर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या बर्लिंग्टन शहरातील एक प्रकरण समोर ठेवावे. जुलै १९८४ मध्ये बावीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीवर तिच्या घरात बलात्कार झाला. त्या अवस्थेतही तिने हल्लेखोराचा चेहरा जाणीवपूर्वक न्याहाळला, कारण वाचलो तर याला पकडून द्यायचे असे तिने ठरवले होते. पोलिसांनी तिच्यापुढे सहा छायाचित्रे मांडली. बऱ्याच वेळाने तिने रोनाल्ड कॉटन या तरुणाचे छायाचित्र निवडले. त्यानंतर प्रत्यक्ष उभ्या केलेल्या सात जणांच्या रांगेत ती दोघांमध्ये घुटमळली आणि अखेरीस पुन्हा कॉटनकडे बोट दाखवले. छायाचित्रांत आणि रांगेत, दोन्हीकडे असलेला तो एकटाच होता. छायाचित्रात निवडलेला माणूस हाच होता, असे पोलिसांनी तिला नंतर सांगितले आणि तिची शंका संपली. १९८५ मध्ये कॉटनला जन्मठेप झाली. बॉबी पूल नावाचा दुसरा कैदी तुरुंगात या गुन्ह्याची फुशारकी मारत असे. १९८७ च्या फेरखटल्यात त्याला न्यायालयात तिच्यासमोर आणले गेले, तेव्हा तिने त्याला ओळखले नाही. १९९५ मध्ये डीएनए चाचणीतून पूलच हल्लेखोर असल्याचे सिद्ध झाले आणि साडेदहा वर्षांनी कॉटन सुटला. ती तरुणी कधीही खोटे बोलली नव्हती. रांगेत उभा असलेला कॉटन तिला ओळखीचा वाटला हे खरेच होते. फक्त ती ओळख त्या रात्रीची नव्हती, छायाचित्राची होती.

आपल्याकडे हेच वेगळ्या वाटांनी घडते. अल्बम, पोलिसांच्या मोबाइलवरील छायाचित्र, वृत्तवाहिनीवरील ‘आरोपी जेरबंद’ची पट्टी, गावच्या व्हॉट्सॲप गटात फिरलेला फोटो, पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात बसवलेला माणूस यांपैकी काहीही पुरेसे असते. साक्षीदारांना आरोपी आधीच पाहण्याची संधी मिळाली असेल तर परेडला मोल राहत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या ‘गिरीशन नायर विरुद्ध केरळ राज्य’ या निकालातही स्पष्ट केले आहे. वर्तमानपत्रांच्या त्या आठवड्याच्या जिल्हा आवृत्त्या आणि वाहिन्यांच्या चित्रफिती लगेच जमवाव्यात. सहा महिन्यांनी त्या सापडत नाहीत.

आरोपीच्या वकिलाने आणखी एक काम पहिल्या रिमांडलाच करायचे असते. आरोपीला साक्षीदारांना दाखवले गेले असेल, किंवा त्याचा फोटो काढला गेला असेल, तर ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर लेखी अर्जाने नोंदवावे आणि यापुढे चेहरा झाकून नेण्याचा आदेश मागावा. ही तक्रार खटल्याच्या वेळी पहिल्यांदा केली तर ती मागाहून सुचलेली वाटते. परेडला उभे राहण्यास सरसकट नकार देण्याचा सल्ला मात्र कोणालाही देऊ नये. त्यातून आरोपीविरुद्ध अनुमान काढले जाऊ शकते. परेडला उभे राहणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे.

पाचवी पायरी: परेडचे मेमोरँडम (लेखी नोंद) ओळ-ओळ वाचणे

परेड हा मूळ पुरावा नाही. मूळ पुरावा न्यायालयातील ओळख हा असतो, आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७ खाली (जुने कलम ९) परेड तिला केवळ दुजोरा देते. तरीही अनोळखी आरोपीच्या खटल्यात सगळे वजन प्रत्यक्षात परेडवरच पडते, म्हणून येथे घाई करू नये.

महाराष्ट्रातील परेडसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलच्या पहिल्या प्रकरणातील परिच्छेद १६ मध्ये सूचना दिलेल्या आहेत. मेमोरँडम त्यांच्या शेजारी ठेवून वाचावे. परेड कार्यकारी दंडाधिकाऱ्याने, म्हणजे बहुधा नायब तहसीलदाराने, दोन स्वतंत्र पंचांसमक्ष घ्यायची असते. एक आरोपी असेल तर किमान अर्धा डझन माणसे आणि दोन असतील तर दहा-बारा माणसे उभी करायची असतात, आणि एका परेडमध्ये सहसा दोनपेक्षा अधिक आरोपी ठेवायचे नसतात. डमी, म्हणजे आरोपीसोबत रांगेत उभी केलेली इतर माणसे, वयाने आणि दिसण्याने आरोपीशी मिळतेजुळते असावेत. साक्षीदार आडबाजूच्या खोलीत बसलेले असावेत. रांगेतील जागा आरोपीला निवडू द्यावी, हवे तर कपडे बदलू द्यावेत, आणि पुढचा साक्षीदार येण्यापूर्वी जागा बदलण्याची संधी पुन्हा द्यावी. पोलिसांनी तेथे असता कामा नये. मुंबईतील लॉइड्स बँकेच्या दरोड्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच स्पष्ट केले होते की परेडमध्ये साक्षीदार जे सांगतो ते पोलिसांना दिलेले निवेदन ठरत असेल, तर ते पुराव्यात येऊ शकत नाही.

कागदावर हे सारे बहुतेक वेळा पाळलेले दिसते, कारण मेमोरँडम छापील नमुन्यासारखे लिहिले जाते. म्हणून उलटतपासाची धार डमींवर ठेवावी. ते कोठून आणले, कोणी निवडले, त्यांची वये आणि अंगकाठी काय होती, पहिल्या वर्णनातील विशेष खूण कोणाकोणाला होती, आरोपीच्या दाढीचे किंवा व्रणाचे काय केले, हे विचारावे. सहा डमी आणि सातवा आरोपी असेल तर डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याचेही बोट सातांतून एकदा आरोपीवर पडते. फिर्यादीत ‘सडपातळ, दाढीवाला, विशीतला’ असे वर्णन असेल आणि रांगेत तसा एकच माणूस असेल, तर ती सात जणांची परेड उरतच नाही. हे तपासण्याचा साधा उपाय म्हणजे प्रकरणाशी संबंध नसलेल्या दहा जणांना फक्त वर्णन वाचून दाखवावे आणि परेडमधील माणसांच्या छायाचित्रांतून एकाला निवडायला सांगावे. बहुतेकांनी आरोपीच निवडला, तर रांगेची रचनाच सदोष आहे. छायाचित्र काढलेलेच नसेल, तर ते का काढले नाही हे विचारण्यासारखे असते.

आता थोडे स्पष्ट मत. मॅन्युअलच्या सूचना चांगल्या आहेत, पण त्यांत दोन उणिवा आहेत. आरोपी कोण हे परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ठाऊक असते, कारण जागा निवडायला तोच त्याला सांगतो. त्याची नजर, थांबणे किंवा ‘नीट पाहा’ असे एखादे वाक्य यांतून नकळत इशारा जाऊ शकतो. म्हणूनच आरोपी माहीत नसलेल्या अधिकाऱ्याने परेड घ्यावी, असा अमेरिकेतील संशोधकांचा जुना आग्रह आहे. दुसरी उणीव साक्षीदाराला दिल्या जाणाऱ्या सूचनेची. ‘यातून आरोपीला ओळखा’ असे म्हटले की आरोपी यात आहेच, असे साक्षीदार गृहीत धरतो आणि आठवणीशी सर्वांत जवळचा चेहरा निवडतो. ‘तो माणूस यात असेल किंवा नसेलही; कोणीच नसेल तर तसे सांगा’ हे वाक्य बोलले गेले का, हा प्रश्न प्रत्येक परेड अधिकाऱ्याला अवश्य विचारावा.

सहावी पायरी: खात्री केव्हा जन्मली

न्यायालयात बहुतेक साक्षीदार ठामपणे ओळखतात. तो ठामपणा फारसे काही सांगत नाही. अर्थ असतो तो पहिल्या ओळखीच्या क्षणी काढलेल्या उद्गाराला: ‘हाच’, ‘असाच होता’, ‘बहुधा हा’, की दोनदा रांग चालून मग दाखवलेले बोट? अमेरिकेतील गॅरी वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की चुकीची निवड केलेल्या साक्षीदाराला ‘बरोबर ओळखलेत’ एवढेच सांगितले तरी त्याची खात्री वाढते. एवढेच नव्हे, तर आपण चेहरा किती नीट पाहिला होता याची त्याची आठवणसुद्धा बदलते. तेव्हा मेमोरँडममध्ये साक्षीदाराचे नेमके शब्द आणि लागलेला वेळ लिहिला आहे का, आणि खोलीबाहेर आल्यावर तपास अधिकारी त्याच्याशी काय बोलले, हे विचारावे.

सातवी पायरी: न्यायालयातील ओळख आणि पीडितेचा उलटतपास

आरोपीच्या पिंजऱ्यात एकच माणूस उभा असतो. तेथे पहिल्यांदाच केलेली ओळख स्वभावतः दुबळी असते, असे ‘कानन विरुद्ध केरळ राज्य’ (१९७९) हा निकाल सांगतो. पण ‘मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ (२००३) हा सामूहिक बलात्काराचा खटला विसरू नये. तेथे परेड झालीच नव्हती. तरी दिवसाउजेडी घडलेली घटना आणि चेहरे पाहण्याची पुरेशी संधी लक्षात घेऊन पीडितेची न्यायालयातील ओळख ग्राह्य धरली गेली. ‘परेड नाही म्हणून सुटका’ असा सरधोपट युक्तिवाद करणाऱ्याला हा निकाल आडवा येतो.

पीडितेचा उलटतपास थोडका ठेवावा. तिच्या पूर्वायुष्याविषयीचे प्रश्न कायद्याने वर्ज्य आहेत आणि ओळखीच्या मुद्द्याशी त्यांचा संबंधही नाही. अत्याचार झाला हे मान्य करूनच सुरुवात करणे प्रामाणिक आहे आणि बचावाच्या दृष्टीने शहाणपणाचेही आहे. ‘तुमच्यावर अत्याचार झाला याविषयी आमचा वाद नाही’ असे सांगून उजेड, वेळ, दाखवलेली छायाचित्रे आणि परेडनंतरचे बोलणे यांविषयी प्रत्येकी दोन-तीन प्रश्न पुरतात. उरलेले सारे तपास अधिकारी, परेड अधिकारी आणि पंच यांना विचारायचे असते. ‘तुम्ही खोटे सांगता’ ही ठराविक सूचना या खटल्यात करू नये, कारण तिच्यामुळे आपलाच मुद्दा मोडतो. पीडितेच्या बाजूच्या वकिलांनीही हे प्रश्न तपासाच्या काळातच विचारायला हवेत. बर्लिंग्टनमध्ये कॉटन तुरुंगात गेला तरी पूलने पकडले जाईपर्यंत आणखी स्त्रियांवर अत्याचार केले होते.

आठवी पायरी: ओळखीबाहेरचा पुरावा, वेळ असतानाच

अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या २५० जणांच्या खटल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांपैकी १९० जणांना कोणीतरी चुकून ओळखले होते असे आढळले. त्यातले बहुसंख्य खटले बलात्काराचे होते. याचे कारण साधे आहे: या गुन्ह्यात जैविक नमुना मागे राहतो आणि त्यामुळे चूक उघडकीस येऊ शकते. आपल्याकडे आरोपीची तपासणी कलम ५२ खाली आणि पीडितेची कलम १८४ खाली होते. ‘कृष्णकुमार मलिक विरुद्ध हरियाणा राज्य’ (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा खटल्यांत डीएनए चाचणी करून घेण्याची जबाबदारी सरकार पक्षावर ठेवली आहे. नमुने घेतले पण न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल आलाच नाही, असे असेल तर बचाव पक्षाने स्वतः अर्ज करून तो मागवावा. आरोपीने वकिलाला जे सांगितले त्यावर स्वतःची पूर्ण खात्री नसेल, तर मात्र हा अर्ज करण्याआधी त्याच्याशी पुन्हा एकदा सविस्तर बोलावे.

घटनेच्या वेळी आरोपी दुसरीकडे होता असे म्हणणे असेल तर सीसीटीव्हीसाठी एक दिवसही थांबू नये, कारण दुकानांच्या यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांत पुसले जाते. हजेरीपट, टोलनाक्याची पावती, मोबाइलचा कॉल तपशील यांसाठी कलम ९४ खाली अर्ज करावा.

नववी पायरी: शिक्षा झाल्यानंतर

अपिलात नवा पुरावा घेण्याची मुभा कलम ४३२ देते. भोकरदनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्याला दिला, पण असा मोबदला मागण्याचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील २७७ व्या अहवालात तो सुचवला होता. सध्या रिट याचिका किंवा दिवाणी दावा एवढेच मार्ग उरतात आणि दोन्ही लांबचे आहेत.

राहता राहिला मुद्देमाल. खटला संपला की कलम ४९८ खाली त्याच्या विल्हेवाटीचा आदेश होतो आणि अपिलाची मुदत संपल्यावर नमुने नष्ट करण्याचा मजकूर त्यात सवयीने लिहिला जातो. निकालाच्याच दिवशी अर्ज करून जैविक नमुने, स्लाइड आणि कपडे सर्व न्यायालयीन उपाय संपेपर्यंत जपून ठेवण्याचा आदेश मागावा आणि मुद्देमाल कारकुनाकडून त्याची पोच घ्यावी. कॉटनच्या प्रकरणात अकरा वर्षांनंतर एका पीडितेचे नमुने खराब झाल्यामुळे निरुपयोगी ठरले होते. त्याच रात्री अत्याचार झालेल्या दुसऱ्या स्त्रीच्या नमुन्यातून डीएनए मिळाला आणि त्यावरच तो सुटला.